काका, तुम्ही आधी त्याला विचारलंत

आदरणीय काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

भोसरी एमआयडीसीत आमच्यासारखी प्लास्टिक मोल्डिंगची छोटी युनिट गल्लोगल्ली आहेत. कंपन्यांना माल साठवायचा नसतो, छोटे छोटे लॉट हवे असतात, त्यामुळे मशीनवरचा मोल्ड, म्हणजे साचा, सारखा उतरवायचा आणि दुसरा चढवायचा. तेवढा वेळ मशीन बंद, पण बँकेचा हप्ता चालूच. आमच्याकडे एका बदलाला तीन-साडेतीन तास सहज जायचे. त्यात काळ्या एबीएस प्लास्टिकमागून नॅचरल रंगाचा लॉट आला, की बॅरल पर्ज होईपर्यंत, म्हणजे मशीनच्या नळीतलं जुनं प्लास्टिक निघून जाईपर्यंत, किती माल भंगारात जायचा ते बघवायचं नाही.

तुमच्या आधी एक सल्लागार येऊन गेले होते. केबिनमध्ये बसून त्यांनी जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंच्या एसएमईडीचं, म्हणजे साचे झटपट बदलायच्या पद्धतीचं, प्रेझेंटेशन दाखवलं. टोयोटात १९६९ साली हजार टनी प्रेसचा डाय (साचाच तो) बदलायला चार तास लागायचे, ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर कसे आले, ती गोष्ट. गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. पण ती सांगून झाल्यावर हे गृहस्थ स्टॉपवॉच घेऊन मोल्ड बदलणाऱ्या आमच्या सेटरच्या मागे जाऊन उभे राहिले. त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. रिपोर्टात लिहिलं, 'कामगाराची कार्यक्षमता कमी'. माझ्या वडिलांच्या वेळेपासून या मशीनवर उभ्या असलेल्या माणसाबद्दल! त्या वाक्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मग तुम्ही आलात. केबिनमध्ये चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. तुम्ही सरळ मशीनपाशी गेलात. मोबाइल हातात होता, पण चालू केला नव्हतात. सेटरला म्हणालात, "दादा, तुमचं काम शूट करू का? तुम्हाला नको असेल तर राहू दे." तो क्षणभर माझ्याकडेच बघत राहिला. मग हातातलं कॉटन वेस्ट बाजूला ठेवलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला, "काढा."

काका, ते बटण लावणं मी विसरू शकत नाही.

व्हिडिओ बघायला बसलो तेव्हा तुम्ही त्याला मधल्या खुर्चीवर बसवलंत आणि स्वतः मागे उभे राहिलात. पाच मिनिटांत तोच बोलायला लागला. "हे बघा, इथे मी नुसता पाना शोधतोय." "इथे क्रेन मोकळी व्हायची वाट बघतोय." "इथे मटेरियल ड्रायरमध्ये टाकलेलंच नाही." पॉलिकार्बोनेट प्लास्टिक मोल्डिंगआधी १२० डिग्रीला तीन-चार तास वाळवावं लागतं. ते आधीचा लॉट चालू असतानाच ड्रायरमध्ये पडायला हवं, हे त्याने सांगितलं, तुम्ही नाही. सगळ्या मोल्डच्या क्लॅम्पिंग प्लेट, म्हणजे मोल्ड मशीनला आवळायच्या प्लेट, एका जाडीच्या केल्या तर दर वेळी बोल्ट बदलावे लागणार नाहीत, हेही त्याचंच. तुम्ही फक्त एवढं म्हणालात, "मशीन चालू असताना काय काय उरकता येईल ते बघू, बंद असतानाचं मग आपोआप कमी होईल."

पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. पाण्याच्या होजना झटक्यात जोडता-सोडता येणारी क्विक कपलिंग लागली, मोल्ड आधीच गरम होऊन ट्रॉलीवर तयार राहायला लागला. परवा पाऊण तासात पहिला ओके पीस हातात आला. क्यूसीवाल्या, म्हणजे माल तपासणाऱ्या, मुलीने तो दोनदा मोजला.

आपल्या या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, हुशार माणसं पुष्कळ आहेत. पण घामाने भिजलेल्या माणसाला 'अहो दादा' म्हणून त्याची परवानगी घेणारी थोडी. माझ्या वडिलांना हे जमायचं. त्यांच्यानंतर मला वाटायला लागलं होतं, की धंद्यात आता असं वागून चालत नाही, पोरांवर ओरडावंच लागतं. तुम्ही आवाज न चढवता जे करून दाखवलंत, त्याने माझा पुष्कळ भार हलका झाला. आमच्या हेल्पर पोरांशी सेटर आता कसा बोलतो ते तुम्ही एकदा ऐकायला हवं.

मानधनाचं पाकीट तुम्ही टेबलावरच ठेवून गेलात. ते मी तसंच जपून ठेवलंय, त्यावर आपण भांडू. पण खंडेनवमीला मात्र यायचंच. हत्यारांच्या पूजेला या वर्षी तुम्ही बसायचं असं सेटरनेच ठरवलंय, आणि पान्यांचा नवा बोर्डही त्याला तुम्हाला दाखवायचाय. काकूंना घेऊन या. जेवण आमच्याकडेच.

तुमची,
भोसरीतली मोल्डिंगवाली