जीव कोणासाठी टांगणीला लागतो?

महोदय,

भयकथांच्या परीक्षणांत भूत किती भेसूर, शेवट किती अनपेक्षित, याचीच मोजदाद होते. गोष्ट कोण सांगतो आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. वाचकाचा जीव कोणासाठी टांगणीला लागणार, ते मात्र तिथेच ठरते. पात्र सज्जन की दुर्जन, हा प्रश्न नंतरचा.

एडगर ॲलन पो यांच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (1843) या कथेत निवेदक म्हणजे खुद्द खुनीच. सात रात्री तो म्हाताऱ्याच्या खोलीचे दार चोरपावलांनी उघडतो. आठव्या रात्री कंदिलाच्या पत्र्याच्या खिटीवरून त्याचा अंगठा निसटतो आणि म्हातारा जागा होतो. इथे आपण दचकतो ते खुन्याच्या वतीने! खून आपल्याला मान्य नसतो. पण आवाज होऊ नये म्हणून इतका वेळ आपणही श्वास रोखलेला असतो.

मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये (1818) खुबी क्रमात आहे. लहान मुलाच्या खुनाची बातमी आधी येते आणि त्यानंतर तो खून करणारा, फ्रँकेनस्टाइन या शास्त्रज्ञाने घडवलेला अक्राळविक्राळ जीव स्वतः बोलू लागतो. भिंतीच्या फटीतून एक कुटुंब न्याहाळत तो भाषा शिकतो, लपूनछपून त्यांच्यासाठी लाकडे आणून ठेवतो. तिरस्कार मनात बसलेला असतानाही त्याची कीव येते, म्हणून ती टिकते. हीच कहाणी खुनाआधी आली असती, तर खुनाने ती पुसून टाकली असती.

उलट ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’मध्ये (1897) रोजनिशा आहेत, पत्रे आहेत, तारा आहेत, पण रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाच्या हातचे एकही प्रकरण नाही. त्याच्याबद्दल दया दाखवा, असे म्हणते तीही त्याने चावा घेतलेली मीना. शिवाय रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचे ठाऊक नसते. वर्षानुवर्षांनंतर ‘मी’ने सांगितलेल्या गोष्टीत तो जिवंत राहिला, हे पहिल्याच ओळीत फुटते, मग मरणाची भीती सोडून दुसरे काहीतरी पणाला लावावे लागते.

हल्लीच्या कथा फसतात त्या बहुधा एका वाक्यापाशी. समजा, ‘ती जिना चढत होती. मागची सावली तिला दिसली नाही.’ तिला दिसली नाही, मग सांगतो कोण? लेखक! इतका वेळ तिच्या डोळ्यांनी पाहणारा वाचक एकदम छताला जाऊन बसतो आणि तिथून तिची गंमत बघतो. उत्कंठेसाठी मुद्दाम केले असेल, तर सुरुवातीपासूनच निवेदक सर्वज्ञ ठेवावा. नाहीतर तिच्याच कानांनी लिहावे: ‘तिने चौथ्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा तिसरी पुन्हा करकरली.’ सावलीचा उल्लेख नाही, तरी मागे कोणीतरी आहे हे तिला आणि आपल्याला एकाच क्षणी कळते.

परीक्षकांनी निदान एवढी एक पायरी तपासावी, ही विनंती.

– एक वाचक