भरतीबरोबर ओहोटीच्या वेळाही छापा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण जगातील अजब प्राण्यांविषयी पानभर मजकूर दिलात. माझ्या नऊ वर्षांच्या नातीने आणि मी तो मिळून वाचला आणि नातीने त्याचे कात्रण कपाटाच्या दारावर चिकटवले. मुलांसाठी एवढी जागा राखून ठेवणारी वृत्तपत्रे आता फार उरलेली नाहीत, म्हणून आधी आपले मनापासून आभार मानते.

त्या मजकुरातील एक विधान मात्र दुरुस्त व्हायला हवे. संकट दिसले की शहामृग वाळूत डोके खुपसतो, असे त्यात म्हटले होते. शहामृग तसे करत नाही. जमिनीत उथळ खळगा करून त्यात अंडी घातली जातात, नर आणि मादी आळीपाळीने ती उबवतात आणि अधूनमधून चोचीने उलटवतात. त्या वेळी दुरून पाहणाऱ्याला डोके मातीत गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष धोका जाणवला तर तो पळतो, नाहीतर मान जमिनीलगत पसरून निश्चल पडून राहतो. मुलांनी कात्रण जपून ठेवले की त्यातली चूकही जपली जाते, एवढ्याचसाठी हे लिहिले.

पत्राचे खरे कारण वेगळे आहे. त्या पानावर बदकासारखी चोच आणि केसाळ अंग असलेला प्लॅटिपस होता, अॅमेझॉनच्या जंगलातले प्राणी होते, खोल समुद्रातले दिवे लावणारे मासे होते. मुंबईचा मात्र एकही जीव नव्हता. नातीने शेवटी विचारले, "आजी, आपल्याकडे असलं काहीच नाही का?" मी तिला उत्तर देण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता उठवले आणि भांडुप पूर्वेकडून उदंचन केंद्राच्या रस्त्याने ठाणे खाडीच्या काठावर नेले. आदल्या रात्री अमावास्या झाली होती, ओहोटी चांगली लागली होती आणि तिवरांच्या कडेचा चिखल दूरवर उघडा पडला होता. त्या चिखलावर निवट्या बागडत होत्या.

निवटी हा मासा आहे, आणि तो पाण्याबाहेर चालतो. छातीचे पर कुबड्यांसारखे टेकवत तो चिखलावर पुढे सरकतो, घाबरला तर शेपटीच्या झटक्याने उड्या मारत पळतो. त्याचे डोळे बेडकासारखे डोक्याच्या अगदी वर आलेले असतात. वाऱ्याने डोळा सुकू लागला की तो खोबणीत आत ओढून ओला करायचा आणि पुन्हा वर काढायचा, अशी त्याची रीत आहे. पाहणाऱ्याला तो चक्क डोळे मिचकावतो आहे असे वाटते. श्वासासाठी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवलेले असते, आणि त्याशिवाय तोंडाच्या आतल्या अस्तरातून व ओल्या कातडीतून हवेतला प्राणवायू थेट घेता येतो. कातडी ओली राहावी म्हणून निवटी मधूनच कुशीवर लोळून अंगाला चिखल फासून घेते. आपल्या खाडीतली मोठी निवटी डोके डावीकडून उजवीकडे फिरवत चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खाते. तिच्या खाण्याच्या खुणा ओल्या चिखलावर अर्धवर्तुळांसारख्या उमटतात. विणीच्या दिवसांत नर पाठीवरचे पर उभारून सरळ हवेत उसळी घेतात. अशी एक उसळी माझ्या नातीने पाहिली आणि त्यानंतर बराच वेळ ती बोलली नाही.

याहून थक्क करणारी गोष्ट बिळात घडते. जपानच्या चिखलपट्ट्यांवर निवटीचाच एक भाऊबंद राहतो. तेथील शास्त्रज्ञांनी त्याच्या बिळात डोकावून पाहिले, तेव्हा बिळाच्या शेवटी वर वळलेला एक कप्पा आणि त्याच्या छताला चिकटवलेली अंडी त्यांना आढळली. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून नर पृष्ठभागावर येऊन तोंडात हवा भरतो आणि खाली नेऊन त्या कप्प्यात सोडतो, आणि असे घोटघोट करत अंड्यांना हवा पुरवत राहतो. पिल्ले तयार झाली की तोच नर उलटे काम सुरू करतो, म्हणजे कप्प्यातली हवा तोंडाने बाहेर आणून टाकतो. मग कप्प्यात भरतीचे पाणी चढते आणि पाणी लागताच पिल्ले अंड्यांतून बाहेर पडतात. प्लॅटिपसचे वाळवलेले कातडे इंग्लंडला पोहोचले तेव्हा १७९९ साली त्याचे वर्णन लिहिणाऱ्या जॉर्ज शॉ यांना कोणी दोन प्राणी शिवून फसवणूक तर केली नाही ना, अशी शंका आली होती. पाण्याखालच्या अंड्यांना हवा पाजणाऱ्या माशाची गोष्ट कुणी त्यांना सांगितली असती, तर तीही त्यांना सहज पटली नसती.

हा मासा मुंबईला नवा नाही. खाडीकाठच्या कोळीवाड्यांत निवटीचे कालवण पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे आणि बाजारात ती अनेकदा जिवंतच येते. आमच्या बाजारातल्या मावशींनी मला एकदा समजावून सांगितले की बिळाला एकापेक्षा जास्त तोंडे असतात, म्हणून एका तोंडात हात घालताना दुसऱ्यावर पाय रोवावा लागतो, नाहीतर निवटी निसटते. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. मी एका शाळेत अठ्ठावीस वर्षे विज्ञान शिकवले आणि पाण्याबाहेर मासा जगू शकत नाही हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिले. माझ्या वर्गात खाडीकाठच्या वस्तीतली मुले होती आणि त्यांना हे वाक्य खोटे असल्याचे ठाऊक असणार. त्यांच्यापैकी एकानेही कधी हात वर केला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

जुहूच्या किंवा गिरगावच्या चौपाटीवर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत बारीक गोळ्यांच्या रांगा दिसतात. मधोमध एक छोटे भोक असते आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या त्या रांगा पसरलेल्या असतात. हे काम नखाएवढ्या खेकड्यांचे आहे. पाणी उतरले की ते बिळातून वर येतात, वाळू तोंडाशी नेऊन कणांवर चिकटलेले सूक्ष्म अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात, म्हणजे एकदा चाळलेली वाळू पुन्हा चाळावी लागत नाही. पाणी परतले की सगळ्या गोळ्या विरघळतात आणि पुढच्या ओहोटीला काम पहिल्यापासून सुरू होते. आपण भेळ खायला बसतो ती जागा बहुधा अशाच एखाद्या खेकड्याच्या अंगणात असते. तिवरांच्या चिखलातल्या एका खेकड्याच्या नराची एकच नांगी अवाढव्य वाढते, कधी कधी त्याच्या वजनाच्या एक तृतीयांशाहूनही अधिक. ती वरखाली हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नरांना धमकावतो. त्याच्या काही जातींमध्ये मोठी नांगी तुटली तर तिच्या जागी येणारी नवी नांगी दिसायला तेवढीच पण आतून हलकी आणि कमकुवत असते, आणि तरीही समोरच्याला वरवर पाहून तो फरक ओळखता येत नाही.

या सगळ्या वर्तनाला आपण विचित्र म्हणतो, कारण आपण ते भरती-ओहोटी सोडून पाहतो. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते, उधाणाच्या दिवसांत तर हा फरक चार मीटरच्या पुढे जातो. काही तास पाण्याखाली आणि काही तास उन्हात काढावे लागणाऱ्या जीवाने डोळा ओला ठेवायची युक्ती शोधली, हवा तोंडातून वाहून नेली किंवा सहा तासांत वाळू चाळून संपवली, तर त्यात अद्भुत पुष्कळ आहे पण वेडेवाकडे काही नाही. आपल्या पुरवणीत प्राण्याचे नाव आणि त्याची करामत छापली जाते, पण तो राहतो त्या जागेविषयी दोन ओळीही नसतात. कारण न सांगता केवळ नवल सांगितले, तर मुलांच्या मनात प्राणी म्हणजे जत्रेतला खेळ एवढेच उरते.

अशा अर्धवट माहितीने नुकसानही होते. दर पावसाळ्यात जुहू, गिरगाव, अक्सा येथे निळ्या फुग्यांसारखे जीव वाहून येतात आणि 'विषारी जेलीफिशचा हल्ला' अशा मथळ्याच्या बातम्या छापल्या जातात. हा जीव जेलीफिश नाही आणि तो हल्लाही करत नाही. इंग्रजीतून आलेले ब्लू बॉटल हे त्याचे नाव आता आपल्याकडेही रुळले आहे. खरे तर तो एक प्राणीच नसून एकमेकांना कायमचे जोडलेल्या अनेक लहान जीवांची वसाहत आहे: फुगा होऊन तरंगण्याचे काम एकाचे, दंश करण्याचे दुसऱ्यांचे, पचनाचे तिसऱ्यांचे आणि प्रजननाचे चौथ्यांचे. फुग्यातल्या वायूमध्ये कार्बन मोनॉक्साइडही असतो, आणि तो ही वसाहत स्वतःच तयार करते. तिला पोहता येत नाही. फुग्याचे शीड वारा नेईल तिकडे जाते. काहींचे शीड डावीकडे तर काहींचे उजवीकडे कललेले असते, त्यामुळे एकाच वाऱ्यात निम्म्या एका दिशेला आणि निम्म्या दुसऱ्या दिशेला लोटल्या जातात आणि सगळ्याच एका किनाऱ्यावर येऊन मरत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये वारा समुद्राकडून जमिनीकडे जोराने वाहतो, म्हणून त्या आपल्याकडे येतात. वाळूत मेलेल्या ब्लू बॉटलच्या दोऱ्यांतही दंशाची शक्ती शिल्लक असते. ही एवढी माहिती बातमीत चौकट करून दिली, तर निळा फुगा दिसताच मूल तो उचलायला धावणार नाही आणि घाबरून त्यावर दगडही मारणार नाही.

मुलांना हे पाहायला मिळेल अशा जागा कमी होत चालल्या आहेत. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय गेली काही वर्षे बंद आहे. राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियाहून हम्बोल्ट पेंग्विन आले आणि त्यांच्या काचेसमोर आजही गर्दी असते; माझ्या नातीलाही ते फार आवडतात आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी मुंबईतल्या मुलाला ओळखीचा वाटतो आणि घराजवळच्या खाडीतली निवटी परकी वाटते, हे मला अस्वस्थ करते. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती २०२० साली उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा माझ्या इमारतीतल्या सुशिक्षित शेजाऱ्यांनी विचारले होते, मुंबईत प्रवाळ असतात तरी का? जे आहे हेच माहीत नाही, ते गेल्याचे दुःख कोणाला होणार? २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातील मंडळी लोकांना ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यांवर घेऊन जातात आणि तिथले जीव दाखवतात. पण दीड-दोन कोटींच्या शहराला एवढ्यावर कसे भागवता येईल?

मी शाळेत शिकवत असताना एकदा सातवीच्या वर्गाला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर न्यायची परवानगी मागितली होती. वेळ सकाळी साडेसहाची होती. अशा अडनिड्या वेळी मुलांना किनाऱ्यावर कशाला न्यायचे, असे विचारून ती नाकारण्यात आली आणि त्या वर्षीची सहल एका जलक्रीडा उद्यानात गेली. मी तेव्हा जास्त आग्रह धरायला हवा होता. समुद्र शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे मागे सरत नाही: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत दुपारी बाराच्या आसपास मोठी भरती असते आणि ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते, मग ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकत जाते. कोळीवाड्यातल्या लहान मुलालाही उधाण कधी आणि भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असण्याचे दिवस, कधी हे तिथीवरून सांगता येते. आम्हा इमारतींत राहणाऱ्यांना ते सांगणारे कोणी नाही.

म्हणून माझी आपल्याकडे एक छोटी मागणी आहे. पावसाळ्यात आपण भरतीची वेळ आणि लाटांची उंची पहिल्या पानावर ठळक छापता, कारण तेव्हा शहर तुंबण्याची भीती असते. पावसाळा संपला की समुद्र आपल्या पानांवरून नाहीसा होतो. ऑक्टोबर ते मे या महिन्यांत, किनाऱ्यावर उतरणे सुरक्षित असते तेव्हा, तेवढ्याच जागेत ओहोटीची वेळ छापावी आणि शनिवारी तिच्याखाली आपल्या किनाऱ्यावरच्या एका जीवाची चार ओळींत ओळख करून द्यावी. त्या जीवाचे नाव कोळीणींना विचारून लिहावे, कारण निवटी, चिंबोरी, कालवे यांच्यासारखे किती तरी शब्द त्यांच्याच तोंडी आहेत आणि नव्या पिढीबरोबर ते मिटण्याच्या बेतात आहेत. सोबत सूचनाही असावी: पायात घट्ट बूट असावेत, दगड उलटला तर तो पुन्हा होता तसा ठेवावा, सुंदर दिसला तरी जिवंत शंख हातात घेऊ नये, कारण शंकूच्या आकाराच्या काही शंखांतले जीव विषारी दात भाल्यासारखा मारतात, आणि पाणी परतू लागण्यापूर्वी काठावर यावे.

निवट्या पाहून घरी आल्यावर नातीने कपाटाच्या दारावरच्या कात्रणाशेजारी एक कोरा कागद चिकटवला आहे. त्यावर तिने निवटीचे चित्र काढले असून खाली 'पुढची ओहोटी' असे लिहून वेळेची जागा रिकामी ठेवली आहे. ती वेळ सध्या मी तिथी पाहून अंदाजाने भरते.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
भांडुप (पूर्व), मुंबई