जिन्यातील जुना रंग कोरडा घासू नये, याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

स. न. वि. वि.

सोमवारपासून जिन्याचे कठडे घासून नव्याने रंगवणार असल्याची सूचना फलकावर वाचली. रंगकाम व्हायलाच हवे. माझी हरकत आहे ती जुना रंग मशीनने कोरडा घासण्याला. कठड्यांवर रंगाचे पाच-सहा थर आहेत आणि तळचा शेंदरी थर इमारत बांधली तेव्हाचा असावा. पूर्वी लोखंड गंजू नये म्हणून शिशाचा शेंदरी प्राइमर सर्रास मारत. आपल्या कठड्यांत शिसे आहेच असे मी म्हणत नाही. पण नाही, हेही कोणी तपासलेले नाही.

घट्ट बसलेला रंग फारसा त्रास देत नाही. त्याची धूळ झाली की ती चपलांबरोबर घरात येते आणि रांगणाऱ्या मुलांच्या हातावरून तोंडात जाते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा अंगात शोषला जातो, लहान मुलांत जवळजवळ निम्मा.

शिशाला शरीर कॅल्शियम समजते, हीच खरी अडचण. कॅल्शियमच्याच वाटांनी ते पेशींत शिरते आणि रक्तातल्या विषांपासून मेंदूला जपणारा पडदाही ओलांडते. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात तेही कॅल्शियमच्या जोरावर. त्यामुळे शिकताना, लक्षात ठेवताना ज्या जोडण्या पक्क्या व्हायच्या, नेमक्या तिथेच बिघाड होतो. पहिल्या पाच-सहा वर्षांत हे जाळे विणले जात असते. मुलाला ताप येत नाही, पुरळ उठत नाही. पुढे शाळेत लक्ष लागत नाही, ते चिडचिड करते, आणि बोलणी त्यालाच बसतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांचा बुद्ध्यंक आणि वर्गातले लक्ष कमी भरले. ही मुले वरकरणी धडधाकट होती.

रक्तातले शिसे कमी करणारी औषधे आहेत, पण मेंदूचे झालेले नुकसान ती भरून काढत नाहीत. शिवाय शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून सुटून बाळापर्यंत पोहोचते. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून ‘थोड्याशा धुळीने काय होतंय’ हे उत्तर कृपया देऊ नका.

रंगाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून अहवाल येईपर्यंत घासकाम थांबवावे, ही विनंती. शिसे निघाले तर मशीन आणि ब्लो लॅम्प (ज्योतीने रंग भाजून काढायचा दिवा) दोन्ही बंद ठेवून, खाली प्लास्टिक अंथरून, पाणी मारूनच रंग काढावा. नंतर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. कामगारांना बारीक धूळ अडवणारे मास्क आणि कपडे बदलायला जागा द्यावी. नाहीतर हीच धूळ त्यांच्या कपड्यांबरोबर त्यांच्या मुलांपर्यंत जाईल.

मीटरच्या खोलीत जुन्या ट्यूबलाइटचा ढीग आहे, तोही हलवावा. ट्यूब फुटली की पाऱ्याची वाफ सुटते आणि ती श्वासावाटे रक्तात व तिथून मेंदूत जाते.

दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्याचा एक पोपडा, तळच्या शेंदरी थरासकट, मी ओला करून काढला आहे आणि पिशवीत बंद करून ठेवला आहे. शनिवारच्या सभेला घेऊन येते. तपासणीचा खर्च समितीला अडचणीचा वाटत असेल तर तो मी देईन.

कळावे,
आपली,
तिसऱ्या मजल्यावरील एक सभासद