मुली जिंकतात, पुढे न्यायला बाई नसते

प्रति,
माननीय मंत्री,
आदिवासी विकास विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : कन्या आश्रमशाळांमध्ये दुसरी अधीक्षिका नेमण्याबाबत

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

मी आश्रमशाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. विषय इतिहास-भूगोल, पण खेळाच्या तासाला शिट्टीही माझ्याच गळ्यात असे, कारण क्रीडाशिक्षकाची जागा बहुतेक काळ रिकामीच. आपल्या विभागाच्या ज्या ज्या कन्या आश्रमशाळा मी पाहिल्या, तिथे मुख्याध्यापकांच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. खो-खो, कबड्डी, रिले, समूहनृत्य, विज्ञान प्रदर्शन, निबंध अशा कशाकशाच्या ढाली त्यात मांडलेल्या असतात. पाहुणे आले की कपाट पुसलं जातं, ढालींसोबत मुलींचा फोटो निघतो आणि तो वार्षिक अहवालात जातो. एकदा या ढालींवरची अक्षरं सवडीने वाचावीत. बहुतेक ठिकाणी ‘प्रकल्पस्तर’ लिहिलेलं सापडेल, ‘विभागस्तर’ क्वचित आणि ‘राज्यस्तर’ शोधावं लागेल. मुली खालच्या पायरीवर जिंकतात आणि तिथेच थांबतात. याचं कारण मैदानात सापडत नाही, म्हणून हे पत्र.

स्पर्धांची रचना आपल्याला माहीत आहेच. विभागाच्या स्वतःच्या स्पर्धा प्रकल्प कार्यालयापासून सुरू होतात, मग नाशिक, ठाणे, अमरावती, नागपूर या चार अपर आयुक्तालयांच्या पातळीवर जातात आणि शेवटी राज्यस्तरावर. क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा वेगळ्या. त्या तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि १४, १७, १९ वर्षांखालील गटांत होतात. दोन्हीकडे पायरी वर गेली की ठिकाण लांब जातं आणि मुक्काम वाढतो. तालुक्याची स्पर्धा सकाळी जाऊन संध्याकाळी आटपते. त्यापुढे दोन-दोन, तीन-तीन रात्री बाहेर राहावं लागतं.

मुलींच्या संघाबरोबर बाई हवी. नियम म्हणूनही हवी आणि पालकांना दिलेला शब्द म्हणूनही. आता ही बाई शोधा. वसतिगृह सांभाळणारी अधीक्षिका एकच. तिच्या भरवशावर शेकड्यांनी मुली झोपतात, तिने वसतिगृह सोडायचं नाही. शिक्षिका मोजक्या. त्यांतली एखादी बाळंतपणाच्या रजेवर, एखादीकडे दहावीचा वर्ग, एखादीचं स्वतःचं लहान मूल घरी. पत्र येतं स्पर्धेच्या तीन-चार दिवस आधी. मुख्याध्यापक दोन दिवस फोनाफोनी करतात आणि तिसऱ्या दिवशी ‘तांत्रिक अडचणीमुळे संघ उपस्थित राहू शकणार नाही’ असं कळवून मोकळे होतात. समोरच्या संघाला पुढे चाल मिळते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आपल्या शाळेचं नावही नसतं, कारण न खेळलेल्या सामन्यात हरणाऱ्याचं नाव कोण छापतो?

एका शाळेत यावर तोड काढून संघाबरोबर कामाठी मावशींना पाठवलं होतं. मावशींनी मुलींना वेळेवर खाऊ घातलं, रात्री खोलीच्या दाराला पाठ लावून त्या झोपल्या, कुणाला एकटीला बाहेर जाऊ दिलं नाही. त्यांच्याइतकी चोख राखण मलाही जमली नसती. पण उपांत्य सामन्यात आमच्या एका मुलीला पंचांनी बाद दिलं. आमच्या मते ती बाद नव्हती. ठरलेल्या वेळेत लेखी हरकत नोंदवायची, तर तो कागद लिहायला कोणी नव्हतं. पंचांचा निर्णय चूक होता की बरोबर, हे आज सांगता येणार नाही. हरकत घेण्याची सोय मात्र त्या मुलींना नव्हती, आणि खेळायला गेलेल्या संघाचा तो हक्क असतो.

पैशाचं कारण पुढे केलं जाईल, म्हणून तेही बोलून घेते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. बारा मुली आणि एक बाई यांचा प्रवासखर्च हा विभागाच्या अंदाजपत्रकात दिसणारसुद्धा नाही. अडचण आगाऊ रकमेची आहे. शिक्षिकेने आधी खिशातून घालायचे आणि देयक मंजूर होण्याची वाट पाहायची. एकदा-दोनदा हात पोळला की तिसऱ्यांदा ती बाई हात वर करत नाही. तिला दोष देऊ नये.

स्पर्धा वर्षातून काही दिवसांच्या. एकाच अधीक्षिकेवर चालणाऱ्या वसतिगृहाची खरी किंमत रोज संध्याकाळी मोजली जाते. निवासी शाळेला बाकीच्या शाळांपेक्षा एक गोष्ट जास्त मिळालेली असते, ती म्हणजे शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचा वेळ. गावातली मुलगी घरी जाऊन पाणी भरते, भावंडं सांभाळते. वसतिगृहातल्या मुलीला हे तास मोकळे मिळतात. खेळ, वाचन, चित्र, गाणं, विज्ञानाचा एखादा प्रयोग, सगळं याच तासांत घडायला हवं. प्रत्यक्षात काय होतं? दिवेलागणीच्या आत हजेरी, मग फाटकाला कुलूप. अधीक्षिकेला दुसरं काही सुचत नाही असं नव्हे. एका मुलीला ताप आहे, एकीच्या पोटात दुखतंय, तिसरीचे वडील मुदतीआधीच न्यायला आलेत आणि त्यांच्या तोंडाला वास येतोय, धान्याची गाडी आली आहे ती उतरवून घ्यायची आहे. अशा वेळी मैदानावर वीस मुली आणि वाचनालयात तीस मुली सोडायला तिला दहा डोळे हवेत. म्हणून ती कुलूप लावते. रात्री एखादीला ग्रामीण रुग्णालयात न्यायची वेळ आली, तर बाकीचं वसतिगृह मावशींच्या हवाली करून तीच जाते. मुलींची सुरक्षितता म्हणून आपण जे कागदावर दाखवतो, ते बहुतेक ठिकाणी हे कुलूप आहे. मुला-मुलींच्या एकत्र आश्रमशाळेत हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मुलगे अंधार पडेपर्यंत चेंडूमागे असतात आणि मुली खिडकीत.

थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नये. आपला किंवा कुणा मोठ्या अधिकाऱ्याचा दौरा ठरला की आदल्या आठवड्यात सराव उशिरापर्यंत चालतो. स्वागतगीत, लेझीम, तारपा नृत्य. तेव्हा कुलूप आड येत नाही, कारण त्या आठवड्यात सगळ्या शिक्षिकांना थांबायला सांगितलेलं असतं. म्हणजे माणसं उभी केली की संध्याकाळ उघडते, हे विभागाला ठाऊक आहे.

मुलींमध्ये काय आहे याची साक्ष विभागाच्या दप्तरातच आहे. २०१८ साली ‘मिशन शौर्य’मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे विद्यार्थी निवडले, त्यांना महिनोन्‌महिने प्रशिक्षण दिलं आणि मे महिन्यात त्यांतले पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्या पाचांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. त्याआधी २५ मे २०१४ रोजी शेजारच्या तेलंगणातली मालावत पूर्णा ही समाजकल्याणाच्या निवासी शाळेत शिकणारी मुलगी एव्हरेस्टवर उभी राहिली, तेव्हा तिला चौदावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीचं रौप्य घेऊन आली. या तिघींची नावं आपण भाषणात घेता, घ्यावीतच. पण पूर्णा आणि मनीषा यांच्या बाबतीत शासनाने नक्की काय केलं होतं ते पाहा. निवड केली, प्रशिक्षक दिले, सोबत माणसं दिली, आणि कागद कुठे अडणार नाही याची काळजी वरून घेतली. एव्हरेस्टसाठी जे जमलं ते जिल्ह्याच्या ठिकाणी खो-खो खेळायला जाताना का जमू नये? तिथे तर प्राणवायूचं नळकांडंही लागत नाही.

खेळाबाहेरचंही एक उदाहरण देते, कारण ते मला जास्त टोचतं. पालघर, डहाणू, जव्हारकडच्या आश्रमशाळांच्या भिंती वारली चित्रांनी भरलेल्या दिसतात. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, पूर्वापार बायकाच लिहीत आल्या. ही कला जगापुढे नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आश्रमशाळेतल्या मुलींचा हात घरूनच तयार होऊन आलेला असतो. शाळेची भिंत त्या फुकट रंगवतात, पाहुणे भिंतीपुढे उभे राहून फोटो काढतात. पण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना या मुली बसतात का, हे विचारून पाहा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. मात्र त्याआधी एलिमेंटरी उत्तीर्ण व्हावं लागतं, म्हणजे आठवी-नववीपासूनच कुणीतरी अर्ज भरायला, मुलींना स्थिरचित्र आणि संकल्पचित्र शिकवायला आणि परीक्षा केंद्रावर न्यायला हवं. मध्यंतरी कला, क्रीडा आणि संगणक शिक्षक कंत्राटावर आले होते. मुलींना त्यांची सवय होईतो मुदत संपली आणि ते गेले. शहरातल्या शाळेत क्लास लावून मिळवलेले ते गुण घेऊन जी मुलगी अकरावीच्या यादीत वर सरकते, तिच्यापेक्षा आमच्या मुलीची रेघ पक्की असते. यादीत ती खाली असते.

इन्स्पायर मानक या विद्यार्थ्यांच्या विज्ञान-कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत शाळेतून पाच कल्पना पाठवता येतात आणि निवड झालेल्या कल्पनेला १० हजार रुपये मिळतात, हेही अनेक वसतिगृहांत शेवटच्या तारखेनंतर कळतं. त्यावर अधिक लिहीत नाही. दुखणं तेच आहे.

महाराष्ट्रात वसतिगृहांची परंपरा मोठी आहे. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचं वसतिगृह चालवताना लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण शाळेत शिकलो आणि मीही वर्षानुवर्षं शिकवलं. संस्था नव्याने उभी राहत होती, पदरी काही नव्हतं, तेव्हा एका बाईने तिचा संसार त्यात ओतला. आज अंदाजपत्रक आहे, आयुक्तालय आहे, इमारती आहेत, आणि तरीही शंभर वर्षांनंतर आपण रात्रंदिवस एकाच बाईच्या जीवावर वसतिगृह चालवतो. लक्ष्मीबाईंबद्दल आदर दाखवायची ही रीत मला पटत नाही.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक कन्या आश्रमशाळेत दुसरी अधीक्षिका द्यावी, आणि जिथे एकत्र शाळेत मुलींचं वसतिगृह आहे तिथेही. ती नियमित पदावर हवी. बाह्यस्त्रोतातून आलेली आणि सहा महिन्यांनी बदलणारी बाई मुलींच्या विश्वासाला पात्र व्हायच्या आतच निघून जाईल. दोघींच्या कामाच्या पाळ्या लावल्या तर संध्याकाळी एक वसतिगृहात आणि एक मैदानावर किंवा वाचनालयात राहू शकेल. स्पर्धा आली की एक संघाबरोबर जाईल. वित्त विभाग आकृतिबंधाकडे, म्हणजे मंजूर पदांच्या ठरलेल्या आराखड्याकडे, बोट दाखवील. तो आकृतिबंध वसतिगृह म्हणजे झोपायची आणि जेवायची जागा असं गृहीत धरून आखलेला दिसतो, म्हणून तो बदलायला मंत्रीच लागतो, प्रकल्प अधिकाऱ्याच्या हातात ते नाही.

तोवर, म्हणजे पदं मंजूर व्हायला जो काळ जाईल त्यात, दोन गोष्टी एका परिपत्रकाने होण्यासारख्या आहेत. स्पर्धेसाठीची आगाऊ रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेच्या खात्यावर असावी. आणि स्पर्धांचं वेळापत्रक जूनमध्ये हातात पडावं, निदान अंदाजे आठवडे तरी कळावेत, म्हणजे कुठली शिक्षिका कुठल्या संघाबरोबर जाणार हे आधी ठरवता येईल. मैदानावर दोन दिवे आणि सराव करून उशिरा येणाऱ्या मुलींसाठी भाजी राखून ठेवण्याची सूचना, हे तर मी मागायलाही नको होतं.

‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ हा शेरा मी नोकरीत असताना पुष्कळदा वाचला आहे. या पत्राचं उत्तर तसं आलं तर मला त्यातून काही कळणार नाही. त्याऐवजी तीन आकडे कळवावेत. राज्यातल्या किती कन्या आश्रमशाळांत आज एकच अधीक्षिका आहे, किती ठिकाणी तीही जागा रिक्त असून एखादी शिक्षिका अतिरिक्त कार्यभार सांभाळते आहे, आणि गेल्या वर्षी मुलींचे किती संघ पात्र ठरूनही पुढच्या फेरीला गेले नाहीत. शेवटचा आकडा विभागाकडे नसण्याची शक्यता आहे. प्रकल्प कार्यालयांना विचारलं तर निघेल. तिथल्या लिपिकांकडे ‘संघ उपस्थित राहू शकणार नाही’ची पत्रं फाइलला लावलेली असतात.

या पत्राची प्रत आदिवासी विकास आयुक्तांना आणि क्रीडा विभागालाही पाठवत आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आश्रमशाळा शिक्षिका