टोळी निघायच्या आधी यादी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या जिल्हा परिषदेचं मागचं मतदान 16 फेब्रुवारी 2017 ला झालं. त्या दिवशी मी ऊसतोडीला गेले होते, सांगली जिल्ह्यात एका उसाच्या फडात मोळ्या बांधत होते. दुपारी दिराचा गावाकडून फोन आला तेव्हा कळलं की आज मतदान आहे. आमच्या टोळीत अकरा कोयते होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तेव्हा बावीस माणसं. बावीस मतं फडातच राहिली. त्याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. वाटायला लागलं ते नंतर, दोन्ही लेकरं गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती आणि तिथं चार वर्गांना एकच गुरुजी उरले तेव्हा. तक्रार घेऊन कुणाकडं जायचं म्हटलं तर निवडून आलेल्या माणसाचं मी तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. मार्च 2022 पासून तर निवडून आलेलं कुणीच नाही, सगळा कारभार प्रशासकाकडं आहे.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. 31 जानेवारी 2026 च्या आत स्थानिक संस्थांच्या निवडणुका उरका, असं सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2025 मध्ये सांगितलं होतं. आणि कारखान्यांचं गाळप 1 नोव्हेंबर 2025 पासून ठरलं होतं. म्हणजे मतदान परत हंगामातच येणार. दिवाळी झाली की आमच्या शिरूर कासार तालुक्यातली निम्मी गावं रिकामी होतात. म्हणून हे पत्र दिवाळीच्या आत छापावं, ही विनंती.

पहिली गोष्ट मतदार यादीची. प्रारूप म्हणजे कच्ची यादी 8 ऑक्टोबर 2025 ला लागली, हरकत 14 तारखेपर्यंतच घेता येत होती. आमच्या बचत गटातल्या तिघीजणी तहसीलला गेलो, आमच्या गणाच्या, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघाच्या, पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून एकेक नाव मोठ्यानं वाचलं. मला वाटलं होतं अर्ध्या तासात होईल. रात्रीचे साडेनऊ वाजले. नदीपलीकडच्या वस्तीवरची पाच घरं शेजारच्या गणात गेलेली निघाली. माझी सासू जाऊन चार वर्षं झाली, तिचं नाव अजून आहे. एका पोरीच्या नावापुढं बापाच्या वयाचा आकडा पडलाय. माझ्या धाकट्या जावेचं नाव तर सापडेचना. लग्नाला सहा वर्षं झाली तरी ते तिच्या माहेरी, पाटोदा तालुक्यातच आहे.

तिथं आम्हाला एक गोष्ट नीट समजली, ती सगळ्यांना कळावी. ही यादी नव्यानं तयार होत नाही. विधानसभेची 1 जुलै 2025 ची यादी घेतात आणि ती गट-गणाप्रमाणं फोडतात; गट म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ. त्यामुळं फोडताना झालेली चूक हरकतीच्या मुदतीत दुरुस्त होते: विधानसभेच्या यादीत नाव आहे पण इथं गळालं, दुसऱ्या गणात गेलं, लिहिताना चुकलं. वस्तीवरच्या पाच घरांचा अर्ज आम्ही दुसऱ्याच दिवशी दिला, पोच घेतली. पण ज्याचं नाव 1 जुलैच्या यादीतच नाही, त्याला तहसीलदारसुद्धा आता घालू शकत नाहीत. माझी मुलगी ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची झाली. तिला या वेळी मत नाही. ती हिरमुसली, पण नवीन नाव घालायचा तिचा 6 नंबरचा फॉर्म गावात मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ ताईंकडं आम्ही लगेच भरला, म्हणजे पुढच्या निवडणुकीला तरी तिचं नाव असेल. जावेला 8 नंबरचा फॉर्म भरायला लावला. पत्ता बदलण्यासाठी तोच लागतो. सासरी नवीन नाव घालून माहेरचं तसंच ठेवायचं, असं काही जण सुचवतात. तसं करू नका. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्यानं बंदी आहे.

सप्टेंबर 2025 च्या पुरात सिंदफणा नदी आमच्या घरात छातीएवढी शिरली. धान्य गेलं, त्याबरोबर कागदांची पत्र्याची पेटीही गेली. अशी घरं नदीकाठाला पुष्कळ आहेत आणि मतदान कार्ड वाहून गेलं म्हणजे मत गेलं, असं बाया समजून चालल्यात. तसं नाही. यादीत नाव असेल तर आधार कार्ड दाखवूनही मत देता येतं. आधारही गेलं असेल तर सेतू केंद्रातून त्याची प्रत आत्ताच काढून घ्या आणि टोळीबरोबर जाताना ती सोबत ठेवा, गावात घरी नको.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. यादीत नाव असून उपयोग काय, माणूस तीनशे किलोमीटरवर असेल तर? निवडणुकीच्या कामावरच्या नोकरदाराला टपालानं मत देता येतं, ऊसतोड कामगाराला ती सोय नाही. गावात यावंच लागतं. आणि एक दिवस फड सोडला की खाडा, म्हणजे गैरहजेरी धरतात, तो पैसा उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून, वळता होतो. जायचं-यायचं भाडं वेगळं. नवरा-बायको दोघांचं धरलं तर मत देणं आम्हाला फार महाग पडतं. म्हणून हे बोलणं उचल घेतानाच व्हायला पाहिजे. टोळी नेणारा मुकादम आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतला असतो. त्याचंही मत इथंच आहे. मतदानाच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही आणि टोळीनं मिळून एक गाडी करून यायचं, हे दहा माणसांसमोर ठरवून घ्या. एकट्या बाईनं फडात जाऊन मागितलं तर कुणी ऐकत नाही, हे मी बारा हंगाम पाहिलं आहे. आमच्या गावात दोन मुकादमांनी होकार दिला आहे. तिसऱ्याशी बोलणं चालू आहे.

कुणी म्हणेल, उमेदवारच गाड्या पाठवतात की. पाठवतात. जेवण देतात, वर हातावर काही ठेवतात. पण त्या गाडीत बसलेली बाई वाटभर काय ऐकते आणि उतरल्यावर तिच्यावर किती जणांची नजर असते, ते मला माहीत आहे. भाडं आपलं असलं तर बटणही आपल्या मनानं दाबता येतं.

मतदान केंद्रात दोनदा बटण दाबायचं असतं: एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी, एक पंचायत समितीच्या गणासाठी. बऱ्याच म्हाताऱ्या बाया एक दाबून निघतात आणि आतले साहेब ओरडले की घाबरतात. घरी कागदावर काढून दाखवा त्यांना. कुणीच पसंत नसेल तर दोन्हीकडं ‘नोटा’चं, म्हणजे ‘यापैकी कुणी नाही’ असं बटण आहे. लोकसभेला मशीनशेजारी चिठ्ठी दिसली होती, ती या निवडणुकीत नसते, तेव्हा ती शोधत थांबू नका.

उमेदवार दारात येतील तेव्हा काय विचारायचं, तेही आम्ही पारावर ठरवलं आहे. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, गावाला जोडणारा रस्ता ही जिल्हा परिषदेची कामं. आमच्यासाठी सगळ्यांत मोठा प्रश्न हंगामी वसतिगृहाचा आहे. आईबाप तोडीला गेल्यावर लेकरांना गावात जेवण मिळालं तर ती शाळेत राहतात, नाहीतर फडाजवळच्या खोपीवर जाऊन धाकट्या भावंडाला सांभाळतात. ते वसतिगृह नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल का आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, चालेल का, याचं उत्तर जो स्पष्ट देईल त्याचा आम्ही विचार करू. निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आमच्या गटात बाई उभी राहिली तर उत्तर तिनंच द्यावं, तिच्या नवऱ्यानं नाही.

प्रशासनाला एकच मागणं आहे. ऊसतोड मजुरांची नोंद ग्रामसेवकांकडं आहे, त्यावरून आम्हाला ओळखपत्रं दिली आहेत. कोणती टोळी कोणत्या कारखान्याला गेली, हे त्यांना विचारून कळतं. मतदानाची तारीख जाहीर झाली की ती त्या-त्या कारखान्याच्या गेटवर आणि मुकादमांच्या फोनवर पोहोचवावी. 2017 ला आम्हाला ती दुपारी कळली होती.

आपली,
एक माजी ऊसतोड कामगार,
ता. शिरूर कासार, जि. बीड