विषय: हडळीला स्पर्धेतून बाद केल्याबाबत आणि कालच्या फोनबाबत

व्यवस्थापक,
उन्हाळी हॅलोवीन व हॉरर मेळा

काल तुमच्या ग्राहक कक्षाने मला काय ऐकवलं ते तुम्ही स्वतः ऐकावं, म्हणून लिहितोय. फोन रेकॉर्ड होतो असं सुरुवातीलाच सांगता, तेव्हा शोधणं अवघड नाही. तक्रार फॉर्मवर 'कोणत्याही भाषेत लिहा' असं आहे. इंग्रजी तक्रारीला उत्तर म्हणून भोपळ्याचं एक हसरं चित्र आलं. आता मराठीत घ्या.

पासाव्यतिरिक्त वेशभूषा स्पर्धेचे 45 डॉलर वेगळे भरले होते. माझी मुलगी हडळ झाली होती. पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय. स्वतःच्या पावलांचा अल्जिनेटच्या, म्हणजे साचे घ्यायच्या लगद्यात साचा काढून, प्लास्टर ओतून, त्यावरून तिने सिलिकॉनचे पाय केले. खऱ्या बोटांवर नकली टाच, टाचेमागे नकली बोटं, नखांखाली मातीसुद्धा. तुमच्या नियमांत 'लोककथा' हा गट आहे, तो वाचूनच नाव दिलं. टेबलावरच्या गृहस्थाने साडी पाहिली, पाय पाहिलेच नाहीत, आणि 'हा सांस्कृतिक पोशाख आहे, कॉस्च्युम नाही' म्हणून तिला बाजूला काढलं.

त्याच रांगेत तीन योरोना होत्या. मेक्सिकोच्या लोककथेतली, पोटची पोरं नदीत बुडवून रडत फिरणारी बाई. तीही पांढऱ्या कपड्यांतच. तिघींचं काम उत्तम होतं, त्यांना आत घेतलं ते योग्यच. पण चादर पांघरून गॉगल लावलेलं एक भूतही आत गेलं. तो बहुधा अस्सल कॉस्च्युम असावा.

आता काल. तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "सर, हे कॅरेक्टर कोणत्या फ्रँचायझीचं?"
म्हटलं, "कुठल्याच नाही. कोकणातलं आहे. माझ्या आजीकडून ऐकलेलं."
"म्हणजे हक्क तुमच्या आजींकडे आहेत का?"
मी गप्प. त्यांना वाटलं, मी आठवतोय.
"एखादी लिंक पाठवता येईल का? कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहे ती?"
"विहिरीवर," मी म्हटलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं, काय करणार! टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सर, सापडत नाही. आणि फोटो पाहिला, आमच्या टीमला त्या लग्नाला निघाल्यासारख्या वाटल्या."

पांढरी साडी, केस सोडलेले, पाय उलटे, आणि लग्नाला. कोणाच्या?

हक्कांची एवढी काळजी असेल तर आधी तुमच्या दुकानांत फिरा. 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' या 1968 च्या चित्रपटावर अमेरिकेत कोणाचाच कॉपीराइट उरला नाही, कारण नाव बदलताना कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली. त्यातल्या चालत्या मढ्यांचे टी-शर्ट तुमच्याकडे हातोहात विकले जातात. तिथे आजी कोणाची, हे कोणी विचारत नाही.

भरपाई म्हणून ऑक्टोबरच्या कार्यक्रमाचं कुपन दिलंत. मेळा उन्हाळ्यात का भरवता? ऑक्टोबरात भूतघरं चालवणारे, मुखवटे करणारे, मेकअपवाले सगळे कामात बुडालेले असतात म्हणून. माझी मुलगीही त्या महिन्यात शनिवार-रविवार एका भूतघरात लोकांना घाबरवायला जाते. तिथे तिला साडीत घेतात.

आणि पुन्हा सांगतो, तुमच्या नियमांत लोककथा हा गट आहे. छापील आहे. पाय पाहिले नाहीत.

मला 45 डॉलर कार्डावर परत हवेत आणि मुलीच्या नावे लेखी माफी हवी. हा खर्च दाखवणारं स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवसांत क्रेडिट कार्ड कंपनीकडे लेखी वाद नोंदवता येतो. माझं पत्र तयार आहे, फोटो जोडलेत, पायांचे जवळून. या शुक्रवारी पोस्टात टाकेन. आमच्या महाराष्ट्र मंडळातली निम्मी पोरं दरवर्षी तुमच्याकडे येतात, त्यांच्या ग्रुपवर हे पत्र आजच जातंय. खवीस, मुंजा, वेताळ यंदा तयारीत होते. त्यांच्याही लिंका नाहीत.

कुपन परत पाठवू नका.

एक पासधारक,
एडिसन, न्यू जर्सी