ऑलमन ब्रदर्स १९७१ला संपले नाहीत

रविवार पुरवणीतला सदर्न रॉकवरचा, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॉक संगीतावरचा लेख आवडला, पण ड्वेन ऑलमन गेला तिथेच ऑलमन ब्रदर्स बँड संपला, हे काही पटलं नाही. औषधाची काचेची बाटली बोटात घालून ती तारांवर सरकवत गिटारवर स्लाइड वाजवणारा ड्वेन १९७१ला मोटरसायकल अपघातात गेला, वर्षभरानं बेस गिटारवाला बेरी ओकलीही तसाच, दोघंही २४ वर्षांचे, हे खरंय, पण बँडचा 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' हा अल्बम अमेरिकेत एक नंबरवर गेला तो त्यानंतर, १९७३ला ना? पुढे भांडणं झाली, बँड दोनदा फुटला, तरी १९८९ला परत उभा राहिला आणि न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये शेवटचा कार्यक्रम केला तो थेट ऑक्टोबर २०१४ला. तेव्हाही दोन्ही ड्रमर १९६९ला बँड सुरू झाला तेव्हाचेच, बुच ट्रक्स आणि जेमो! लेखात त्यांचं नावसुद्धा नाही, हे जरा अतीच झालं.

– एक वाचक, ठाणे